टोपी काढणारा पोस्टमन

मी जुनी, चित्रांची व्हॅलेंटाइन कार्डं जमवतो. डोंबिवलीत हे सांगितलं की लोक आधी माझ्या पिकल्या केसांकडे बघतात, मग बायकोकडे. ती लगेच खुलासा करते, "दुसऱ्यांच्या बायकांना दिलेली जमवतात. स्वतःच्या बायकोला अजून एक दिलेलं नाही."

खरं आहे. पहिलं कार्ड मला ठाण्यात रद्दीच्या दुकानात, इंग्रजी पाककृतींच्या पुस्तकात दडलेलं सापडलं आणि मी कामातून गेलो. मग परदेशातून पाकिटं येऊ लागली. जाळीदार कागद, गोबऱ्या गालांची पंखवाली बाळं, शंभर वर्षांनंतरही न विटलेला गुलाबी रंग. हात धुवायचे, कोरडे करायचे, कार्ड कडेला धरायचं, आणि तेही फक्त मी. "आमच्याकडे सोनं उघड्यावर आणि कागद कुलपात," असं ही पाहुण्यांना सांगते.

त्यातला माझा लाडका एक पोस्टमन. खालची कागदी पट्टी ओढली की तो डोळे फिरवतो आणि टोपी काढतो. वर्षातून एकदा, श्वास रोखून, मी ती ओढत असे.

गेल्या दिवाळीनंतर हिला अर्धांगाचा झटका आला. बोलणं परत आलं, उलट जिभेला धारच चढली. पायही चालू लागला. उजव्या हाताबद्दल मात्र डॉक्टर म्हणाले, "हात हलेल, पण चिमटीचं काही सांगता येत नाही." हिच्या उकडीच्या मोदकांच्या कळ्या बघायला बिल्डिंगमधल्या बायका जमतात. घरी आल्यावर हिने विचारलं, "म्हणजे यंदा मोदक नाहीत?" मी म्हटलं, विकत आणू. ती जेवलीच नाही. असं बोलल्याबद्दल मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

व्यायाम शिकवायला टिटवाळ्याहून एक मुलगी येते. तिने राजमा उचलायला लावला, कपड्यांचे चिमटे दाबायला लावले. ही चार दिवसांत वैतागली. "राजमा निवडून मला कुठे नोकरी लागणार आहे?" म्हणाली आणि वाटी डाव्या हाताने ढकलून दिली. दाणे पार सोफ्याखाली गेले.

ते गोळा करताना त्या मुलीचं कपाटाकडे लक्ष गेलं. "काका, ते काय आहे?" मला तेवढंच हवं होतं. मी लांबूनच पोस्टमन दाखवला, पट्टी ओढली. ती माझ्या बोटांकडे बघत राहिली. "काका, हेच तर पाहिजे! काकूंना द्या ना."

मी कार्ड छातीशी धरलं.

"नको गं," बायको म्हणाली. "जीव आहे त्यांचा त्यात."

टोमणा मारला असता तर सोसलं असतं. ती समजून म्हणाली, ते फार लागलं. मी कार्ड तिच्या मांडीवर ठेवलं.

सुरुवातीला बोटं पट्टीवरून नुसती घसरायची. पण हे तिने ढकललं नाही. रोज दुपारी माझ्या पोस्टमनला शिव्या ऐकू यायच्या, "मेल्या, काढ की टोपी!" काही दिवसांनी त्याचे डोळे हलले. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी, ती मुलगी समोर बसलेली असताना, टोपी अर्धी वर गेली. हिला चेव आला. तिने ओढलं आणि टर्रकन आवाज झाला.

पट्टी तिच्या हातात, टोपी अधांतरी. ती माझ्याकडे घाबरून बघत होती. इतक्या वर्षांच्या संसारात ही बाई मला कधी घाबरलेली नाही.

मी पट्टीचं दुसरं टोक धरून हळूच ओढलं. पट्टी सुटेना. हिचा अंगठा आणि बोट पट्टीला घट्ट धरून होते.

"फाटलं!" मी ओरडलो. "अगं, तू फाडलंस!" आणि मला रडू कोसळलं. ती मुलगी टाळ्या वाजवत सुटली.

बायकोने आधी आपल्या बोटांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अहो, रडताय काय? दुसरं आणा."

मी हात न धुताच कपाट उघडलं.