पोटावरची रेघ

दौंडला सीटी स्कॅन नवीन आलं, तेव्हा राहू गावाकडचे एक आबा माझ्याकडे तपासणीला आले होते. डाव्या मूत्रपिंडात मोठा खडा होता, चार दिवसांनी पुण्यात ऑपरेशन होतं. त्यांची फिल्म बघताना मी थबकले. पोटातली सगळ्यांत मोठी नीला उजवीकडून वर जाते. यांची डावीकडून चढत होती आणि मूत्रपिंडापाशी आल्यावर उजवीकडे वळत होती.

"जन्मापासूनचं आहे आबा, त्रास काही नाही," मी म्हणाले.

त्यांनी फिल्म खिडकीकडे धरली, एक डोळा मिटला आणि स्वतःच्या पोटावरून बोट फिरवत त्या शिरेची वाट शोधली.

"म्हंजी कापायचं तिथंच हाय व्हय ही?"

"हो, म्हणून तर रिपोर्टात लिहिलंय."

"कागद ऱ्हातोय कुठंतरी." त्यांनी सदरा वर केला. "हितं रेघ वढा, म्याडम. आमी मेंढरं राखलीत. खूण अंगावरच करतो, मग दुसऱ्याच्या कळपात शिरलं तरी घोळ न्हाई."

मला हसू आलं, तरी मी मार्कर घेतला. रेघ निरखत ते म्हणाले, "आता ऑपरेशन हुईस्तवर आंघुळ बंद."

महिन्याभरानं ते मुद्दाम टाके दाखवायला आले.

"रेघ बघून डाक्तर आधी लई हसला," आबा म्हणाले. "मग म्हनला, रिपोर्ट कुठाय? त्यो तर घरीच ऱ्हायला हुता."