अण्णांच्या मोटारीची पुढची दोन चाकं

बेळगावातल्या आमच्या उद्यमबागच्या फौंड्रीत दोन गोष्टी कितीही झाडल्या तरी संपायच्या नाहीत. एक, पॅटर्न शॉपमधला लाकडाचा भुसा. दुसरी, परशराम अण्णांचे किस्से. मी तिथं स्टोअरकीपर. खिळे-स्क्रू द्यायचे, सही घ्यायची आणि उरलेल्या वेळात अण्णांचं ऐकायचं. ऐंशीनंतरची चार-पाच वर्षं अशीच गेली. खरं सांगतो, पगार कधीच संपला, ते ऐकलेलं अजून पुरतंय!

अण्णा पॅटर्नमेकर. धातू ओतायच्या आधी त्या वस्तूचा लाकडी नमुना करायचा, हे त्यांचं काम. अर्धा सूत चुकला तरी नमुना बंबात घालायचे. "घ्या की चालवून," असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "चालवून घ्यायला ती काय सून हाय व्हय? वस्तू बसाय पायजे!"

*

एकदा कँपातल्या एका बंगल्यात जुनं सामान विकायला काढलं होतं. अण्णा टेबल बघायला गेले आणि मोटार घेऊन आले! लाल, विलायती, दोनच सीटची, वर टप नाही. नाक लांब, पाठ बुटकी. इंजिन एका हाकेला ओ द्यायचं. मागच्या चाकांना सायकलीसारख्या तारा होत्या, चांगल्या चमकणाऱ्या. पुढची दोन चाकं मात्र बंगलेवाल्यांनी आधीच मोडीत घालवलेली.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं मोटार अण्णांच्या गावी, येळ्ळूरला आली. पुढच्या बाजूला विटा रचून अण्णांनी ती गोठ्याशेजारच्या शेडात उभी केली. नेमका त्या दिवशी आक्कांचा, म्हणजे अण्णांच्या बायकोचा, भाऊ नंदगडहून आलेला. त्यानं मोटारीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "दाजी, कोंबड्या किती मावतील हेच्यात?"

अण्णा हसले. आक्का नाही हसल्या! भावाच्या हातातला चहाचा कप काढून घेतला आणि म्हणाल्या, "आता मी नंदगडला येणार ती ह्याच मोटारीतनं! तोवर माहेरचा उंबरा चढणार न्हाय. जा, सांग जा आईला!"

रागात माणूस बोलतं हो. पण आक्का पडल्या येळ्ळूरच्या सूनबाई. एकदा बोललेलं मागं घ्यायची त्या गावाला सवयच नाही.

*

मग चाकांची निवड सुरू झाली. बेळगावच्या एका टायरवाल्यानं टॅक्सीचं दणकट चाक पुढं केलं. अण्णांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. "हरणाला म्हशीचे खूर बसवू व्हय?"

निपाणीच्या एका मोडीवाल्याकडं मीच त्यांना स्कूटरवरनं घेऊन गेलो. बाजारात तंबाखूची आवक चाललेली, दोघं शिंकून शिंकून बेजार! पण चाकं मिळाली. माप बरोबर, टायर बरे, फक्त तारांच्या जागी सपाट पत्रा. अण्णा एक चाक उचलून उन्हाकडं धरून कितीतरी वेळ उभे राहिले.

"हेच्यातनं काय दिसत न्हाय," म्हणाले.

मोडीवाला वैतागला. "अहो, चाकातनं काय बघायचं असतंय?"

"पलीकडचं!"

आम्ही रिकाम्या हातानं परत आलो. तवंदीच्या घाटात मी सगळा राग स्कूटरच्या गिअरवर काढला.

*

शेवटी कोल्हापूरच्या एका रिमवाल्यानं तारांची चाकं नवी करून द्यायचं कबूल केलं. "मापं धाडा," म्हणाला. अण्णांनी स्वतः बोल्टांची मापं घेतली. आता बेळगावात मापाला अण्णांच्या वर कोण?

चाकं आली. आळीतली माणसं गोळा झाली, आक्का आरतीचं ताट घेऊन उभ्या. अण्णांनी चाक उचललं, लावलं, आणि बोल्ट काही भोकात जाईनात! अर्धा सूत कमी. दुसरं चाक, तेही अर्धा सूत कमी. मी म्हटलं, "अण्णा, कानस मारून भोकं मोठी करू या." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी कानस परत पिशवीत टाकली.

तासभर ते जमिनीवर बसून होते. मग खिशातली फूटपट्टी काढून बघितली आणि कपाळावर हात मारला. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी साध्या पट्टीपेक्षा जराशी लांब केलेली असते. अण्णांनी घरच्या मोटारीला फौंड्रीची पट्टी लावलेली! लांब पट्टीनं मोजलेलं माप कमीच भरणार. आणि रिमवाल्यानं पुन्हा करून द्यायला साफ नकार दिला.

आक्कांनी ताटातली वात विझवली. "संसारालाबी हीच पट्टी लावलासा न्हवं?" त्या म्हणाल्या. "तरीच म्हटलं, सगळं जरासं कमी का पडतंय!"

*

एकदा संध्याकाळी अण्णांच्या सुट्टीच्या अर्जावर त्यांची सही घ्यायला मी येळ्ळूरला गेलो. घरात कुणी नाही. शेडातनं आवाज आला म्हणून डोकावलो. अण्णा मोटारीत स्टेअरिंग धरून बसलेले, शेजारी आक्का मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मोटार विटांवरच.

"आज कुठं?" अण्णांनी विचारलं.

"आंबोली."

अण्णांनी गिअर टाकला. आक्का तांदूळ निवडता निवडता मधेच म्हणाल्या, "हळू. वळण हाय." अण्णांनी खरोखर ब्रेकवर पाय दिला. समोर रानात ऊन पिवळं झालेलं, राजहंसगडावर थोडं उरलेलं. मला पुढं जाववेना आणि मागंही फिरवेना. किती वेळ तसा उभा होतो कुणास ठाऊक. घाटातला गार वारा मलासुद्धा लागला म्हणा ना!

मग आक्का हळूच म्हणाल्या, "नंदगड कधी लागंल हो?"

अण्णांनी हँडब्रेक ओढला.

त्याच आठवड्यात आक्कांच्या आईचा निरोप आलेला. "माझे गुडघे गेल्यात, न्हाईतर मीच आलते. हट्ट सोड, एस्टीनं ये. तुला बघून तीन वर्षं झाली." मला राहवलं नाही. म्हटलं, "अण्णा, ती निपाणीची पत्र्याची चाकं लावा आणि घेऊन जावा की त्यांना!"

अण्णांनी मान खाली घातली. उत्तर आक्कांनी दिलं, डोळ्याला पदर लावून. "ह्येंच्या मनातलीच चाकं लागू देत. माहेरचं तोंडातनं मीच काढलंय, ह्येंनी न्हाय."

*

पुढं कडोलीच्या साहित्य संमेलनाला आम्ही दोघं गेलो. सकाळी ग्रंथदिंडी निघाली. लेझीम, टाळ, आणि सजवलेल्या बैलगाडीत पुस्तकं. लोक पुस्तकांना हात जोडत होते. अण्णा मात्र गाडीच्या बाजूनं वाकून वाकून चालत होते. मी मागनं बघितलं, आणि च्यायला, बैलगाडीला तारांची चाकं! आमच्याच मोटारीची!

परिसंवाद झाला, जेवणं झाली, कविता झाल्या. अण्णा आपले त्या गाडीपाशी. निघताना एका मास्तरांनी आदरानं विचारलं, "कसं वाटलं संमेलन?"

"लई झ्याक!" अण्णा म्हणाले. "दोन्ही चाकांत एक तार तुटलेली न्हाय!"

*

गाडी बाळाप्पांची, कडोलीतल्याच एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची. पुढच्या रविवारी आम्ही आक्कांना घेऊन त्यांच्या दारात. अण्णा म्हणाले, "ही चाकं द्या, म्हणशीला ती नवी चाकं बदल्यात देतो, आप्पा."

"न्हाय जमायचं," बाळाप्पा म्हणाले. "मोडीच्या ढिगातनं आमच्या म्हातारीनं निवडून काढल्यात ती. बाजारला जाताना रस्त्यावर तारांची सावली पडती. जाळी फिरती नुसती! ती बघत बघत म्हातारी बेळगावपतोर जाती. पत्र्याच्या चाकाला ती सावली कुठनं आणू?"

आता बोला! अण्णांना भेटला तो दुसरा अण्णाच.

आत आक्का म्हातारीशी बोलत होत्या. आईचं सांगितलं, कोंबड्यांचं सांगितलं, आणि हसत हसत विटांवरच्या आंबोलीचंही सांगितलं. म्हातारी बाहेर आली आणि नवऱ्याला म्हणाली, "सोमवारी आपण बैल जुंपत न्हाय. गाडी उभीच असती. एक दीस देऊन टाका की."

*

तो सोमवार आला. अण्णांनी मोटार जॅकवर घेतली आणि बैलगाडीखाली लावायला शेडातल्या विटा टेंपोत घालून कडोलीला नेल्या. चाकं काढली, येळ्ळूरला आणली, मोटारीला लावली. बोल्ट असे बसले की आवाजसुद्धा झाला नाही. आक्कांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली. मोटार हलली, लिंबं चिरडली, आणि अण्णा लहान पोरागत रडले. सांगायला कसली लाज! मीही रडलो.

मी स्कूटरवर मागं. खानापूरच्या पुढं झाडी लागली. रस्त्याच्या कडेनं दोन जाळ्या गरगरत पळत होत्या आणि आक्का दाराबाहेर वाकून त्या बघत होत्या. नंदगडला भाऊ धावत आला आणि दार उघडायला वाकला. आक्का ऐटीत उतरल्या. "कोंबड्या आणल्या न्हाईत रं, दादा!"

उंबऱ्यावर आई होती. आक्का तिच्या मांडीत तोंड घालून जे बसल्या, ते अर्धा तास उठल्याच नाहीत. नंतर अण्णांनी सासूबाईंना उचलून आक्कांच्या सीटवर बसवलं आणि गावातनं एक फेरी मारून आणली.

परत येळ्ळूर, परत टेंपो. चाकं घेऊन आम्ही तिघं कडोलीला पोचलो तेव्हा सूर्य टेकलेला. उशीर झाला म्हणून अण्णा कासावीस.

गोठ्यात बैल रवंथ करत होते. अंगणात आमच्या विटांवर बैलगाडी, गाडीत पुढं बाळाप्पा, हातात मोकळा कासरा. शेजारी त्यांची म्हातारी, डोईवर नवा पदर.

"आप्पा, चाकं आणलीत," अण्णा म्हणाले.

बाळाप्पांनी मान वळवली नाही.

"जरा थांबा की. आमी अजून पोचलो न्हाय."