आमच्या गाळ्यातले तीन वॉकीटॉकी

माझा आवाज राहनाळात सोडला की कल्याणात ऐकू येतो, असं आमच्याकडे बोलतात. मी त्यातलं फार तर एखादं स्टेशन कमी करीन. सासऱ्यांच्या भातशेतावर गोदामाचा गाळा उभा राहिला तेव्हापासून मी त्याचा कारभार या आवाजावरच चालवला. पत्र्याखाली मोबाइलला रेंज येत नाही. मग पुढच्या गेटवरून मागच्या दारापर्यंत ओरडायचं नाही तर काय करायचं?

पण एका सकाळी दोन ट्रक एकाच दाराला तोंड खुपसून बसले आणि आमच्या एकुलत्या एक पार्टीचे साहेब वैतागले. त्यांचा माल काचेच्या कपबश्यांचा. म्हणाले, "मॅडम, वडप्याच्या गोदामांत जाऊन बघा. प्रत्येकाच्या कमरेला वॉकीटॉकी, कोणी ओरडत नाही. सोमवारी मी लोडिंग बघायला येतो. पुन्हा असा गोंधळ दिसला तर माल वडप्याला हलवणार."

ते गेले असते तर गाळ्यात पाली सोडून कोणी भाडेकरू उरला नसता.

लागले कामाला. धामणकर नाक्यावरून एक पिवळा सेट आणला, खेळण्यासारखा. नणंदेच्या नवऱ्याने सिक्युरिटीतला जुना काळा दिला. तो इतका जड, की कमरेला लावला की मी भरलेल्या टेम्पोसारखी एका अंगाला कलायचे. तिसरा भावाच्या लूमच्या कारखान्यातला, अँटिना सुताने बांधलेली. तिन्हींवर पाच नंबरचा चॅनल लावला. माझ्या मते काम झालं.

पिवळा मुका. लूमचा नुसता खरखरतोय. आणि काळ्यातून कोणी अनोळखी माणूस खणखणीत ओरडला, "पीछे लो, पीछे लो!" आमच्या मुकादमाने इमानदारीत हातगाडी मागे घेतली, ती थेट माझ्या पायावर. तो आवाज शेजारच्या गोडाऊनमधला निघाला. दिवसभर आमचे हमाल त्याच्या हुकमावर पुढे-मागे करत राहिले. मुकादमाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, "भाभी, अपना मालिक बदल गया क्या?"

तिन्ही डबडी पिशवीत कोंबून मी परत नाक्यावर. रेडिओ दुरुस्तीवाला असा हसला, की स्टँडवरचे रिक्षावाले बघायला जमले.

"भाभी, राहनाल का पाँच नंबर घर और वडपे का पाँच नंबर घर, एक है क्या? हर सेट का पाँच अलग होता है. नंबर छोडो, फ्रिक्वेन्सी मिलाओ."

त्याने काळा आणि लूमचा कॉम्प्युटरला जोडून पिवळ्याच्या फ्रिक्वेन्सीवर आणले. तर आता पिवळ्याला काळ्याचं ऐकू जाई, पण काळ्याला पिवळ्याचं नाही. म्हणाला, "अब कोड मिलाना पडेगा." मला वाटलं, हा आता तिघांच्या पत्रिका मागतोय. शेवटी तिन्ही सेट एकमेकांशी बोलले. मला काय कळलं म्हणाल, तर काही नाही. पण मान अशी डोलावली, जणू रेडिओचा शोध आमच्याच गाळ्यात लागला होता.

सोमवारी लूमचा सेट मागच्या दाराला मुकादमाकडे, काळा माझ्या कमरेला आणि पिवळा गेटवर सासऱ्यांकडे.

"बाबा, बोलायचं तेव्हा बटण दाबा. ऐकायचं तेव्हा सोडा."

"समजला गो. फोनच हाय ना तो?"

"फोनच समजा," मी म्हणाले, आणि तिथेच फसले. आमचे बाबा जन्मात कधी फोन आधी ठेवत नाहीत. समोरच्याच्या आधी आपण ठेवला म्हणजे त्याला दारातून हाकलला, असं त्यांचं मत. नातेवाईक कंटाळून ठेवतात, तोवर यांच्या कानाला फोन.

साहेब आले. मागोमाग गेटवर ट्रक आला. बाबांनी बटण दाबलं, "सूनबाय, ट्रक आला!" आणि मग ते सोडलंच नाही.

एकाने बटण दाबून धरलं की बाकीच्यांची तोंडं बंद. मी काळ्यात बोंबलतेय, "मागच्या दाराला पाठवा!" ते बाबांपर्यंत जाईना, मुकादमापर्यंत जाईना. उलट बाबांचं तंबाखू मळणं, पिंक टाकणं, सगळं माझ्या कमरेवरून साहेबांना ऐकू येतंय. तेवढ्यात दुसरा ट्रक घुसला, पहिल्याला खेटून, त्याच दाराला.

साहेबांच्या भुवया टाळूवर पोचल्या. "मॅडम, मी काय बोललो होतो?"

मी तोंड उघडणार, तर कमरेवरून बाबाच बोलले. साहेबांच्या गाडीचा ड्रायव्हर गेटवर बाबांजवळ तंबाखूला बसला होता.

"तुझा साहेब बोलतो, वडप्याला जातो. तूच मना सांगितलास ना, तिकडं जागाच न्हाय?"

"अहो बाबा, मीच फिरवलं की त्यांना दारोदार. सगळे गाळे फुल. साहेब नुसता दम देतात."

साहेब वर पत्र्याकडे बघू लागले. सोबत म्हणून मीही पत्र्याकडे बघितलं.

"चहा सांगू?"

"सांगा."

मी काळ्याचा आवाज बंद केला आणि गळ्याचा सोडला. चहा येईस्तोवर दोन्ही ट्रक दोन दारांना लागले होते. शेजारच्या गोडाऊनचा ट्रकसुद्धा मागे सरला, असं मुकादम अजून शपथेवर सांगतो.

साहेबांनी कप खाली ठेवला. "माल राहू दे इथेच. फक्त गेटवरच्या बाबांकडून ते पिवळं काढून घ्या."

मी गेटवर गेले. बाबा अजून बटण दाबून, सेट कानाला लावून उभे.

"तू ठेव ना गो आधी," मला बघून म्हणाले. "मी कवाचा थांबलोय."