टाचणीबाईंचा तास

शिवणाच्या बाईंना मुलं पाठीमागे टाचणीबाई म्हणायची, आणि बाईंना ते चांगलं ठाऊक होतं. मनगटावरच्या छोट्या गादीत त्यांच्या टाचण्या कायम खोचलेल्या असत, हे खरं. पण नाव पडलं होतं ते जिभेवरून.

उभी हयात त्यांनी एकाच शाळेत आणि एकाच खोलीत काढली होती. जिन्याखालची लांबट खोली, ओळीने मांडलेली पायाची मशिनं, तेलाचा वास, फरशीच्या फटींत अडकलेले रंगीत दोरे. काम चोख, स्वभाव तापट, आणि घाई तर अशी की समोरचा तोंड उघडतो न उघडतो तोच बाई त्याचं वाक्य पुरं करून मोकळ्या होत. नवरा म्हणायचा, घरात मला बोलायची गरजच पडत नाही, नुसता श्वास घेतला तरी भागतं. तेवढं बोलायलाही त्याला बाई बाजारात गेल्याची संधी साधावी लागे.

निवृत्ती जवळ आली होती तेव्हाची ही गोष्ट. शाळेने आठवड्यातून एक तास मूल्यशिक्षणाचा ठेवायचं ठरवलं. मुलांना चांगलं वागायला शिकवायचं, याला कुणाचीच ना नव्हती. फक्त ते दुसऱ्या कुणीतरी शिकवावं, असं प्रत्येकाचं मत होतं. भाषेच्या बाईंचा घसा बसला, खेळाच्या सरांचा गुडघा दुखू लागला, आणि शेवटी ते लोढणं शिवणाच्या बाईंच्या गळ्यात पडलं. वर्षअखेरीस संस्थेचे अध्यक्ष येऊन बघणार होते. डोळ्यांना दिसेल असा फरक पडला तर तास राहील, नाहीतर तो सरावासाठी गणिताच्या सरांना मिळेल, असं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सांगितलं.

बाईंनी तो तास सोडूनही दिला असता. पण शिक्षकांच्या खोलीत गणिताचे सर म्हणाले, "शिवणाच्या बाई काय शिकवणार? चांगुलपणाला काजं करायला?" सगळे हसले. बाईही हसल्या, आणि आतून पेटल्या. शिवण म्हणजे मुलांना जरा विसावा, असंच सगळे आजवर समजत आले होते आणि ते त्यांना फार लागत होतं. जाता जाता एक तरी गोष्ट अशी शिकवून जावी, जी मुलांच्या अंगी राहील, असं त्यांना मनापासून वाटत होतं. आता तो तास त्यांना हवाच होता.

मग त्यांनी काय केलं, तर ताऱ्यांचा तक्ता केला. शिवणातली माणसं मापाने चालतात. जे मोजता येत नाही ते बेतायचं कसं? मोठ्या पुठ्ठ्यावर मुलांची नावं, आणि प्रत्येक चांगल्या कामाला एक चिकटवायचा तारा. महिन्याभरात वर्गात चांगुलपणाचा नुसता सुळसुळाट झाला. सापडलेल्या वस्तू आणून दिल्या की तारा मिळतो म्हटल्यावर पेटीत खोडरबरांचा ढीग लागला. मुलं ठरवून एकमेकांची खोडरबरं हरवत होती. व्हरांड्यातल्या कुंड्यांना प्रत्येकाने पाणी घातलं आणि झाडं कुजली. शाळेसमोरच्या एका आजीबाईंना तर मुलांनी हाताला धरून रस्ता पार करून दिला. त्यांना जायचं होतं दुकानात, आणि दुकान अलीकडेच होतं. त्या तणतणत मोठ्या बाईंकडे आल्या.

मोठ्या बाई मात्र खूश होत्या, कारण तक्ता झगमगत होता. एकच ओळ कोरी होती. खिडकीजवळच्या बाकावर बसणारी एक मुलगी, सगळे तिला खिडकीवालीच म्हणायचे. ना कधी खोडरबर आणलं, ना कधी पुढे पुढे केलं. बाईंनी तिला दोनदा शब्दांची टाचणी टोचून पाहिली. ती नुसती "हो बाई" म्हणाली.

एके दिवशी मधल्या सुट्टीत बाई शिवणखोलीत कपाटामागे कापडाचे तागे लावत होत्या. खोलीत आणखी कुणी आहे हे लक्षात न येता खिडकीवाली आणि तिची मैत्रीण आत येऊन मशिनाशी डबे उघडून बसल्या. मैत्रिणीला वर्गात चिमणी म्हणत. बोलताना ती फार अडखळायची, म्हणून शक्यतो बोलायचीच नाही. आणि बोललीच, तर वर्गात कुणी ना कुणी तिचा शब्द तोंडातून काढून घ्यायचं. त्यात बाईंचा नंबर पहिला. आपण तिला मदत करतो, अशीच त्यांची समजूत होती.

चिमणी एका मांजराची गोष्ट सांगत होती. मांजर गच्चीवरच्या टाकीत पडलं, आणि तिथे ती एका शब्दाशी अडकली. शब्द काही केल्या येईना. कपाटामागे बाईंच्या ओठांवर तो केव्हाचा येऊन बसला होता, त्यांनी दातांनी ओठ दाबून धरला. खिडकीवालीने मात्र शब्द पुरवला नाही, नजर चुकवली नाही, चेहऱ्यावर कीवही आणली नाही. ती सावकाश जेवत राहिली. शब्द आला. गोष्ट पुढे गेली, पुन्हा अडली, पुन्हा गेली. मांजर बाहेर निघालं तेव्हा दोघी खो खो हसल्या.

सुट्टी संपल्यावर बाईंनी खिडकीवालीला एकटीला बोलावलं आणि ताऱ्यांचं पाकीट काढलं.

"नको बाई," ती म्हणाली.

"का गं?"

"तारा लावलात तर तिला वाटेल, मी ताऱ्यासाठी थांबते."

बाईंनी ताऱ्यांचं पाकीट मिटलं. मग कशासाठी थांबतेस, असं त्यांनी विचारलं.

मुलीने खांदे उडवले. "तिच्या गोष्टी मस्त असतात. कुणी मधे बोललं की ती सोडून देते. मग शेवट कळतच नाही."

त्या दिवशी बाई घरी गेल्या आणि जेवताना गप्प बसल्या. नवऱ्याने घाबरून ताप आहे का विचारलं. बाईंना स्वतःची लाज वाटत होती. कित्येक वर्षं त्या मुलांच्या तोंडातले शब्द पळवत आल्या होत्या, आणि त्यातल्या एकाही गोष्टीचा शेवट त्यांनी ऐकला नव्हता.

पुढच्या तासाला त्यांनी तक्ता उतरवला. सर्वांत जास्त तारे असलेला मुलगा रडकुंडीला आला, हा अन्याय आहे म्हणाला. खरंय, चूक माझी आहे, असं बाईंनी सरळ सांगितलं. त्या दोघींचं नाव मात्र काढलं नाही. मग नवा नियम झाला. दर तासाला पाळीपाळीने एकेकाने उठून काहीही सांगायचं, आणि त्याचं होईपर्यंत बाकीच्यांनी ऐकायचं. जो मधे बोलेल त्याने कोपऱ्यात बसून चुकलेली शिवण उसवायची. सुरुवातीला वर्गात जांभयांची साथ आली. उसवायचं सगळ्यांत जास्त काम बाईंनाच लागलं, आणि कोपऱ्यात बसलेल्या बाई बघायला मिळतात म्हणून मुलं तास चुकवेनाशी झाली. चिमणीची पाळी आली की ती मान हलवून बसून राहायची. कुणी आग्रह केला नाही. बऱ्याच दिवसांनी ती एक वाक्य बोलली. नंतर दोन.

अध्यक्ष आले त्या दिवशी मोठ्या बाईंनी शिवणखोलीची रिकामी भिंत पाहिली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. "तक्ता कुठाय? आता दाखवणार काय तुम्ही?" बाईंकडे दाखवायला काहीच नव्हतं. तास गेल्यात जमा आहे, हे त्यांना कळून चुकलं होतं. गणिताचे सर दाराशी येऊन उभेच होते.

अध्यक्ष भले गृहस्थ होते. खुर्चीवर बसत त्यांनी वर्गाला विचारलं, या तासाला तुम्ही काय शिकलात? मुलं एकमेकांकडे बघू लागली. आणि हात वर गेला तो चिमणीचा.

बाई धास्तावल्या. तासासाठी नव्हे, पोरीसाठी. परक्या माणसांसमोर तिचं हसं झालं तर वर्षभरात जमलेलं सगळं मोडेल. पटकन दुसऱ्या कुणाला तरी उठवावं, असं त्यांना वाटून गेलं. पण त्यांनी मान डोलावून चिमणीलाच बोलायची खूण केली.

"पू... पू..." चिमणी अडली. अध्यक्ष मायेने पुढे झुकले, शब्द द्यायला त्यांनी तोंड उघडलं, आणि अख्खा वर्ग त्यांच्याकडे बघू लागला. त्यांनी तोंड मिटलं.

"पूर्वी माझं वाक्य सगळेच पुरं करायचे," चिमणी म्हणाली. "आता म... मलाच करावं लागतं."

संपलं असं समजून गणिताच्या सरांनी टाळ्यांसाठी हात उचलले. पण मुलं हलली नाहीत. चिमणीचं अजून व्हायचं होतं, हे त्यांना माहीत होतं.

"फार क... कटकट आहे."

आधी तीच हसली, मग वर्ग. बाईंचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

अध्यक्ष हसू आवरत म्हणाले, "मग बंद करू या का हा तास? तू सांगशील तसं."

"न..." चिमणी म्हणाली, आणि पुन्हा अडली. काय येणार ते खोलीत सगळ्यांना कळलं होतं. अध्यक्ष थांबले, मोठ्या बाई थांबल्या, दाराशी गणिताचे सर थांबले. बाई तर दोन्ही हात मशिनावर ठेवून, जगात दुसरं काही कामच नसल्यासारख्या निवांत उभ्या होत्या.

"नको," चिमणी म्हणाली, आणि खाली बसली.