हनुवटीवरचे तीन ठिपके

भूतबाधा, अंगात येणं असलं मी कधीच मानलं नाही. शेजारणी सांगायच्या तेव्हा मी मान खाली घालून तांदूळ निवडायची आणि मनात हसायची. हे मात्र माझ्याच बाबतीत घडलं. बोलून दाखवायची हिंमत नाही... चौथीपर्यंत शिकले आहे, म्हणून लिहून ठेवते.

ऐंशीनंतरची गोष्ट. आम्ही नागपूरला धंतोलीत राहायचो. नणंदेची मुलगी सुनंदा एम.ए.साठी आमच्याकडे होती. तिचा विषय — कॉम्प्युटर आल्यावर माणसाची ओळख काय उरेल? लायब्ररीत त्यावर काही सापडेना. ती पेपरातली कात्रणं आणायची, मी खळ लावून चिकटवायची.

तेवढ्यात कस्तुरचंद पार्कवर प्रदर्शन लागलं. तिथे म्हणे कॉम्प्युटर आपला चेहरा छापून देतो.

"चाल ना वं मामी, मले तेवढाच मालमसाला भेटन."

स्टॉलवर टाय लावलेला माणूस होता. मी पदर तोंडाशी धरला, तर म्हणाला, "बाई, पदर काढा. लग्नाचा फोटो नाही काढून राहिलो!"

त्यानं कॅमेरा माझ्यावर रोखला; कॉम्प्युटरच्या पडद्यावर माझे ताणलेले उघडे डोळे मला दिसत होते. मग करकर करत कागद बाहेर आला. जवळून नुसती अक्षरं, लांबून चेहरा. सुनंदाचा हुबेहूब आला होता. माझाही माझाच... पण डोळे मिटलेले. आणि हनुवटीवर तीन ठिपके.

माणसानं कॅमेरा पुसला, पुन्हा छापलं. पुन्हा तेच.

सुनंदा हसली. "मामी, तुही ओळखच बदलून टाकली वं यानं!"

मी मात्र त्या ठिपक्यांकडेच बघत राहिले. लहानपणी दारात गोंदणारीण आली, तेव्हा मी रडून पळाले होते. माझी हनुवटी कोरीच राहिली. गोंदून घेतलं ते माझ्या मोठ्या बहिणीनं, शांतानं — हनुवटीवर तीन ठिपके. ती सासरहून पाण्याला गेली ती परतलीच नाही. बारा वर्षं उलटली तसा भाऊ तिचे दिवस करायचं म्हणू लागला. आई त्याच्या अंगावर जायची, "जित्या लेकीले पानी देतं काहून गा?" माहेरी, हुडकेश्वरला ती रोज शांताच्या नावाची भाकर झाकून ठेवायची.

कागद मी आईला दाखवणार नव्हते. पण ती आमच्याकडे आली, आणि सुनंदाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"आजी, पाह्य बरं, मामी कशी आली ते!"

आईनं कागद लांब धरला. हनुवटीवरून बोट फिरवलं.

"हे मामी नाही वं पोरी. हे माही शांता होय."

मग मिटलेल्या डोळ्यांवर बोट ठेवून माझ्याकडे बघितलं. "भावाले सांग... दे म्हना तिले पानी."

भावानं सगळं रीतीनं केलं. त्या दिवसापासून आईनं भाकर झाकली नाही.

दुसरा कागद सुनंदानं तिच्या कात्रणांत लावला. तिच्या सरांची शिस्त — प्रत्येक चित्राखाली ते कोणाचं हे लिहायचंच. पेन उघडून तिनं विचारलं, "मामी, नाव कोनाचं टाकू?"

हनुवटीला हात लावत मी बसून राहिले. ती जागा अजून कोरीच आहे.