चूक आमची नव्हती

त्या मोठ्या क्लासचं काम तुमच्याकडून का गेलं, असं लातुरात आजही कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: काम खराब नव्हतं. समोरचा मान हलवतो, पण त्याला पटलेलं नसतं. आयुष्य भाव करण्यात गेल्यामुळे मान खरी हलली की नुसतीच, हे मला लगेच कळतं.

मी लोहा तालुक्यातला. नांदेडला पंखे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत हात बसला, मग टीव्हीच्या छत्र्या बसवल्या, केबल ओढली. भूकंप झाला तेव्हा लातूरकडच्या पडलेल्या गावांत पत्र्याची शेडं उभी राहत होती आणि त्यांत दिवे लावायला माणसं हवी होती. मी गेलो. कमाईसाठी गेलो, उगाच सेवेच्या गोष्टी सांगत नाही. तिथं मामा भेटले.

मामा नात्यानं माझे कुणी नव्हते. वयानं मोठे, म्हणून सगळेच त्यांना मामा म्हणत. त्यांचं घर, भाऊ, भावजय सगळं त्या पहाटे दगडमातीखाली गेलं होतं. आदल्या संध्याकाळी बांधावरून भावाशी कडाक्याचं भांडण झालं होतं आणि त्या रागात मामा शेतात झोपायला गेले, म्हणून वाचले. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, शेडच्या पत्र्याला भोक पाडता पाडता. वर म्हणाले, "तवापासून मी कुणासंगं भांडत न्हाई, मालक. भांडायचं तुम्ही बघा. तुमचा हात बसलाय त्याच्यावर."

धंद्यात आम्ही निम्मे-निम्मे भागीदार होतो, तरी ते मला मालकच म्हणत. सुरुवातीला चिडवायला, नंतर सवयीनं. भाव मी करायचा आणि नाजूक काम त्यांनी, अशी वाटणी आपोआप पडली.

पुढं लातुरात क्लास वाढले. उमरी, उदगीर, माहूर, कुठून कुठून पोरं पत्र्याची पेटी आणि गादीची वळकटी घेऊन उतरायला लागली. एका हॉलमध्ये ती मावेनात, म्हणून सर एका हॉलमध्ये शिकवणार आणि दुसऱ्या हॉलमधली पोरं त्यांना पडद्यावर बघणार, अशी सोय निघाली. तिथं आमच्या तारा लागत.

ही तार टीव्हीच्या केबलसारखी नसते. आत तांब्याच्या बारीक तारांचे चार जोडे असतात, प्रत्येक जोडा पिळलेला, प्रत्येकावर चंदेरी कागद, आणि सगळ्यांवर मिळून धातूची जाळी. बाहेरच्या मोटारी, ट्यूबलाइटी यांचा गोंधळ जाळीनं अडवायचा आणि आतला संदेश जोड्यांच्या पिळानं सांभाळायचा. पण सगळी मदार टोकावर. कनेक्टर बसवताना पीळ गरजेपेक्षा जास्त उलगडला की संदेश तिथंच बिघडतो. आणि जाळी कनेक्टरच्या धातूच्या टोपणाला चहूबाजूंनी भिडायला पाहिजे. घाईतले लोक जाळी एका बाजूला ओढून तिची शेंडी वळतात आणि कोपऱ्यात कुठंतरी टेकवतात. तार लागते, दिवा पेटतो, मालक खूष होतो. चित्र महिनाभरानं फाटायला लागतं.

मामांनी कधी शेंडी वळली नाही. साल काढताना जाळीचा एक केस तुटला तरी ते टोक कापून नव्यानं सुरुवात करायचे. शिवाय प्रत्येक टोकाला हातभर जास्तीची तार वेटोळं करून ठेवायचे. मी कावायचो.

"मामा, ही तार काय झाडाला लागते का?"

"इमारत हालली तर ताण नगं बसाया."

"रोज हालते का इमारत?"

"रोज न्हाई हालत," एवढंच म्हणायचे आणि वेटोळं बांधायचे.

तो मोठा क्लास जीवशास्त्राच्या एका सरांचा. जुनी इमारत गल्लीच्या या बाजूला, नवी त्या बाजूला. नव्या इमारतीत वर हॉस्टेल, मध्ये हॉल, खाली मेस. चित्र आणि आवाज तारेतून पाठवायच्या पेट्या सरांनी आधीच हैदराबादहून आणून ठेवल्या होत्या आणि त्यांना हीच तार लागत होती. काचेची, फायबरची तार टाकू, गल्ली ओलांडायची आहे, असं मी म्हणून पाहिलं.

"पेट्या फेकून देऊ का मग?" सर म्हणाले.

"फेकू नका, मला द्या."

"तुम्हाला दिल्या तर उद्या मलाच विकाल." आम्ही दोघंही हसलो. सर भाव करण्यात माझ्या तोडीचे होते आणि म्हणूनच मला आवडायचे, हेही सांगून टाकतो.

काम थंडीत झालं. नव्या इमारतीचा अर्थिंगचा खड्डा मेसच्या मागं, भांडी घासायच्या मोरीला लागून होता. यंत्रांतून गळणारी वीज जमिनीत जावी म्हणून असा खड्डा करतात, कोळसा आणि मीठ भरून, आणि तो ओला ठेवावा लागतो. मी मीटर लावून पाहिला, उत्तम होता. मामांनी दोन्ही टोकं बसवली, दोन्हीकडं जाळी टोपणाला घट्ट भिडवली. चित्र असं स्वच्छ आलं की नव्या हॉलमधल्या पोरांना सरांच्या बोटावरची खडूची धूळ दिसायची.

मग तो उन्हाळा आला, लातूरला रेल्वेनं पाणी आलं तो. परीक्षा तोंडावर, दोन्ही हॉल गच्च, आणि चित्र फाटायला लागलं. पडद्यावर चौकोन उठायचे, आवाज तुटायचा, सरांचं तोंड हलायचं आणि शब्द नुसते खरखरायचे. नव्या हॉलमधली पोरं बाकं बडवायची. आम्ही तार दोन्हीकडून काढून तपासली की निर्दोष, परत लावली की पुन्हा तेच. रस्त्यात कुठं चेपली का पाहिलं, पेट्या बदलून पाहिल्या. काही सापडेना.

तिसऱ्या का चौथ्या खेपेला सरांनी भर वर्गात शिकवणं थांबवलं. माईक चालूच होता.

"अहो केबलवाले, पोरांचं वर्ष घालवायला आलात का? फिटिंगमध्येच गडबड आहे तुमच्या!"

माझं डोकं फिरलं. "सर, फिटिंगला नाव ठेवायचं नाही. लातुरात असं टोक बसवणारा दुसरा दाखवा, मी धंदा बंद करतो!"

"धंदा तसाही बंदच होणारे तुमचा."

मी पुढं झालो. काय बोलणार होतो ते मला आता आठवत नाही, पण पोरं बाकांवरून उठली होती एवढं आठवतं. मामा मध्ये आले. त्यांनी सरांपुढं हात जोडले आणि म्हणाले, "चुकलं, सर. माझ्याच हातून काहीतरी ऱ्हायलं असंल. समदी टोकं नव्यानं बसवून देतो."

माईकवरून ते दोन्ही हॉलमध्ये गेलं. नेमकं तेवढं वाक्य न तुटता गेलं.

मामांनी वेटोळ्यातली तार सोडवून सगळी टोकं कापली, नवी बसवली. फरक पडला नाही. पडणार कसा? टोकं चांगलीच होती. पण आता सरांच्या हातात आमचाच कबुलीजबाब होता. "तुमच्याच माणसानं सांगितलंय चुकलं म्हणून," ते ज्याला त्याला सांगायला लागले. लातुरात क्लासवाले एकमेकांचे वैरी असले तरी असल्या बातम्या एकमेकांना लगेच पोचवतात. ठरलेली कामं हातची जायला लागली. सरांनी पुण्याहून दुसरी पार्टी बोलावली.

मी मामांना म्हणालो, "शब्द मागं घ्या. चला, सरांना सांगा की टोकं बरोबर होती."

"बोलून झालं, मालक. आता काय मागं घेतंय ते."

"न केलेली चूक कबूल करता? माझं नाव आहे त्या कामावर."

"माझंबी हाय," ते म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. थोड्या दिवसांनी ते नांदेडला मुलीकडं गेले. मला वाटलं येतील आठवड्यात. ते आले नाहीत आणि मीही फोन केला नाही. फोन त्यांनी करायचा, असं माझं म्हणणं होतं.

पावसाळ्यात कळलं की पुण्याच्या पार्टीनं सरांचं चित्र सुधारलं. त्याच दिवसांत त्या मेसच्या बाई बाजारात भेटल्या. पातेली घेत होत्या, आणि दुकानदाराशी माझ्यापेक्षा सरस भाव करत होत्या.

"नवी भांडी का हो, ताई?"

"मग! उन्हाळाभर पत्रावळ्यांवर जेवायला घातलं पोरांना. घासायला पाणी कुठं होतं? आता पाऊस पडला तशी ताटं काढली." मग म्हणाल्या, "आन् भाऊ, तुम्ही वायरीतले ना? उन्हाळ्यात मोरीच्या नळाला हात लावला की झिणझिण्या यायच्या बघा. कामाच्या पोरी म्हणायच्या, नळात भूत हाय. भांडी सुरू केली आन् भूत गेलं!"

मी तिथंच दुकानाच्या पायरीवर बसलो.

मोरीचं खरकटं पाणी रोज त्या अर्थिंगच्या खड्ड्यात मुरत होतं. पत्रावळ्या आल्या, भांडी घासणं बंद झालं, खड्डा कोरडा पडला. मग नव्या इमारतीची लिफ्ट, कूलर, मोटार या सगळ्यांची गळती जमिनीत जायला वाट शोधायला लागली. ती वाट आमची तार होती. जाळीवरून गल्ली ओलांडून ती जुन्या इमारतीच्या खड्ड्यात उतरत होती आणि जाता जाता आतला संदेश बिघडवत होती. जाळी जितकी चांगली भिडलेली, तितकी तिला वाट सोपी. मामांनी शेंड्या वळल्या असत्या तर कदाचित कमी त्रास झाला असता. आणि पुण्याची पार्टी आली ती नेमकी पाऊस पडून खड्डा पुन्हा ओला होताना.

मी सरांकडं गेलो नाही. आपणच आपली बाजू सांगितली तर कोण ऐकतं? ज्यानं चूक कबूल केली त्यानंच येऊन सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळीच नांदेडची एसटी धरली.

मामा जावयाच्या मोटारवाइंडिंगच्या दुकानात स्टुलावर बसले होते. मांडीवर एक मोटार, तोंडात दोरा. मला बघून दोरा तोंडातून काढला आणि पोऱ्याला चहा सांगितला. बरे दिसत होते, थोडे वाळलेले. मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, पत्रावळ्या, नळ, खड्डा. ते ऐकत गेले आणि नळातल्या भुताशी आले तसे हसायला लागले. इतके हसले की मांडीवरची मोटार घसरली. मीही हसलो. फार दिवसांनी.

"म्हंजी खरकट्या पाण्यावर चालला होता सरांचा क्लास!"

"तेच तर. आता चला लातूरला. सरांसमोर एवढंच म्हणायचं, चूक आमची नव्हती. बस. मग मी बघतो. परत कामं कशी येत नाहीत बघू."

त्यांनी मोटार नीट ठेवली.

"खड्डा आपुन थंडीत बघितला. उन्हाळ्यात परत बघाया पाहिजे होता न्हवं?"

"खड्डा आपल्या कामात नव्हता! इमारतवाल्यांचा तो. त्यांनी पाणी घालायचं."

"हाव. पर तार आपली होती. उन्हाळ्यात लातूरला पाणी नसतंय हे कुणाला ठावं, मालक? आपल्यालाच ठावं, लातूरची माणसं आपुन."

मी उठून उभा राहिलो. माझा आवाज दुकानाबाहेर गेला असणार, कारण शेजारचा टायरवाला डोकावला. म्हणालो, उन्हाळाभर लोकांची बोलणी मी खाल्ली, तुम्ही इथं सावलीत बसलात. म्हणालो, तुम्हाला मान वाकवायची होती तर स्वतःची वाकवायची, माझी कशाला वाकवली? आणखी बरंच म्हणालो. मला वाटत होतं, आता तरी ते चिडतील. एकदा तरी माझ्याशी भांडतील. भांडणं झाली की दुसऱ्या दिवशी मी चहाला बोलावतो, हे त्यांना माहीत होतं.

मामांनी दोरा खाली ठेवला. दोन्ही हात जोडले आणि माझ्याकडं बघत, त्या वर्गात म्हणाले होते त्याच आवाजात म्हणाले, "चुकलं, मालक."

सरांना ते असं का म्हणाले होते, हे मला तेव्हा कळलं. ते भांडण मिटवत नव्हते. माणूस ऐकून घ्यायच्या पलीकडं गेला, की ते त्याला असं वाटेला लावायचे.

पोऱ्या चहा घेऊन आला तेव्हा मी पायरी उतरत होतो. मामांनी मागून हाक मारली, "चहा तरी घ्या." मी मागं न बघता स्टँडकडं चाललो. लोहा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत मनात त्यांच्याशी भांडत होतो, आणि प्रत्येक वेळी जिंकत होतो.

त्यानंतर आमची भेट नाही. सरांचा क्लास चालू आहे, मेसमध्ये ताटं आहेत, काम चांगलं होतं हे मला ठाऊक आहे. तो चहा मात्र प्यायला पाहिजे होता.