गवतातलं पाडस आणि दस्तगीरदादा

मूर्खपणाची कबुली आधीच देऊन टाकते. संस्थानात थोरले महाराज गादीवर असताना, तेराव्या वर्षी, मी हरणाचं एक पाडस वाचवलं, आणि त्यातच ते मेलं.

दस्तगीरदादा गेल्याला महिना उलटला. त्याच्या थोरल्या मुलानं बातमी आणली तेव्हा माझ्या तोंडून पहिलं निघालं ते, "आता मला रागवायला कोण उरलं?" नातवंडं हसली... मला हसू आलं नाही.

उचगावला आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्याचे वडील सरकारी शिकारखान्यात चित्ते सांभाळायचे. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीवरून माळावर न्यायचा, काळवीट दिसलं की टोपी काढून त्याच्यावर सोडायचा. दादाला ते नको होतं. त्याला राखीव कुरणाचा रखवालदार व्हायचं होतं, जिथं हरणी व्यायच्या आणि शिकारीला बंदी होती. वडील म्हणायचे, "चित्तेवानाचं पोरगं हरणं राखणार! उद्या मांजरं उंदरांची पालखी उचलतील." पण कारभाऱ्यांनी शब्द दिला होता, यंदाची पाडसं नीट राखलीस तर रखवालदाराचा पितळी बिल्ला तुझा.

त्याच दिवसांत मी कुरणाच्या कडेला शेण गोळा करत होते. गवतात एक पाडस मुटकुळं करून पडलेलं, एकटं, कानसुद्धा न हलवता. आसपास हरणी नाही. माझी अक्कल केवढी! आईनं टाकलं बिचाऱ्याला, असं ठरवून मी ते पाटीत घातलं, वर पाला टाकला आणि आमच्या गोठ्यात कडब्यामागं लपवलं. कापसाच्या बोळ्यानं गाईचं दूध पाजलं. दृष्ट लागू नये म्हणून गालाला तीट लावली, गळ्यात काळा दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली. तिसऱ्या दिवशी शोधत शोधत दादा गोठ्यात आला.

"गोदे, कुठं गावलं हे?"

"आईनं टाकलंतं की."

"टाकल्यालं न्हवं गं, ठेवल्यालं हाय! कोल्ह्याला माग लागू नये म्हणून हरणी लांब चरती, पाजायला तेवढी येती."

उचलून तो पळत सुटला. मी मागोमाग. कुरण दिसायला लागलं, आणि त्याच्या खांद्यावर पाडसाची मान लुळी पडली.

कारभाऱ्यांना त्यानं सांगितलं, "माझा डोळा लागला, कोल्ह्यानं नेलं." माझं नाव काढलं नाही. आणि मी? एरवी सात घरं ऐकतील अशी बोलणारी, तेव्हा दातखीळ बसल्यासारखी गप्प. बिल्ला गेला. दोन वर्षं दादा वडिलांच्या गाडीवर बसला, चित्त्याची टोपी स्वतःच्या हातानं काढत राहिला. आमच्या दारावरून गाडी जायची तेव्हा तो मान वर करायचा नाही. तिसऱ्या वर्षी बिल्ला मिळाला, मग मात्र कुरण असेतो त्यानं ते सोडलं नाही.

परवा त्याच्या घरी बसायला गेले. बिल्ला अजून खुंटीवरच आहे. त्याच्या कडीत विटलेला काळा दोरा... पाडसाच्या गळ्यातला. तो मी पहिल्यांदा पाहिला गेल्या दिवाळीत, आमच्या शेवटच्या भेटीत. पाहिला आणि एवढ्या वर्षांनी धीर करून विचारलं, "दादा, माझा राग धरलातास का रं?"

त्यानं खुंटीवरचा बिल्ला सरळ केला. मग म्हणाला, "राग कसला, पोर हुतीस तू. पर ती हरणी तीन दिस त्याच जागेला येत हुती, गोदे. तिला काय सांगावं, तेवढं मला अजून सुचलं न्हाय."